मदत हवी आहे : लेकीला व्हायोलिन घडवायला कुठं शिकता येईल?
नमस्कार मंडळी. माझी लेक व्हायोलिन वाजवते, आता तिला ते घडवायचंय. हा ध्यास कार्लीन हचिन्स (१९११-२००९) यांच्यामुळे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या अमेरिकन बाईंनी लहान-मोठ्या ८ व्हायोलिनांचं अख्खं कुटुंब उभं केलं. त्यांची रीत अशी : व्हायोलिनची पुढची किंवा मागची फळी जोडण्याआधी सुटीच स्पीकरवर आडवी धरायची, वर भुकटी पसरायची. ठरावीक सुराला कण न थरथरणाऱ्या रेषांवर गोळा होतात. ती नक्षी बघत फळी तासायची. परवा लेकीनं घरी पातळ फळीवर बारीक रवा टाकला, आणि खरंच वळणदार रेघ उमटली! मला भरून आलं.

मिरजेत सतारीचे कारागीर आहेत, पण मुलीला हाताखाली घेतील का? एका ठिकाणी 'पोरीचं काम नव्हे' ऐकून आलोय. कोल्हापुरात व्हायोलिन उघडून दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? आणि स्प्रूस, मेपलचं चांगलं वाळलेलं लाकूड कुठं मिळेल?