गाठ, कलम ८४ आणि पुण्याचा खटला

मेंदूतल्या बिघाडामुळे गुन्हा घडला तर माणसाला दोषी धरू नये, असं म्हणताना अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या एका शिक्षकाचं उदाहरण देतात: मेंदूत गाठ वाढली आणि लहान मुलींविषयी विकृत ओढ सुरू झाली, गाठ काढल्यावर ती गेली, मग त्याचा दोष तो काय? पण आपण करतोय ते चूक आहे, हे त्याला कळत होतं. आवरता येत नव्हतं, एवढंच. मनोविकाराच्या आधारे आरोपीला सूट देणारं आपल्या दंड संहितेचं कलम ८४ (आता भारतीय न्याय संहितेत २२) कृत्याचं स्वरूप किंवा ते गैर आहे हे कळत होतं का, एवढंच विचारतं. आवरण्याच्या क्षमतेला तिथे जागाच नाही. म्हणजे एमआरआय कितीही बोलका असला तरी आपल्याकडे तो निव्वळ त्यावर सुटला नसता. मला हे कलम तोकडं वाटतं, पण आहे ते असं आहे.

शिवाय आपल्याकडे मेंदूविज्ञान कोर्टात गाजलं ते आरोपीला वाचवायला नव्हे, अडकवायला! पुण्याचा २००८ चा, विष घालून केलेल्या खुनाचा खटला आठवा. त्यात आरोपीच्या मेंदूची चाचणी झाली: डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड, डोळे मिटलेले, आणि कानावर 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी वाक्यं. आरोपीने तोंड उघडायचं नाही, मेंदूला 'अनुभव' आठवला की नाही ते यंत्र सांगणार. सत्र न्यायालयाने इतर पुराव्यांसोबत तेही धरलं आणि जन्मठेप दिली. पुढे हायकोर्टातून जामीन झाला. पण वाचलेलं, ऐकलेलं, पोलिसांनी दहादा विचारलेलं आणि स्वतः केलेलं यातला फरक त्या आलेखात कसा दिसणार, सांगा?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. कोठडीतली संमती कितपत खरी, हा वेगळाच विषय.