उसाच्या फडात खुशाली द्यावी का? (वाळवा, पलूस, कराड पट्ट्यापुरती चर्चा)

कृष्णाकाठ :
हंगाम सुरू झाला की गावोगावी एकच विषय निघतो. ऊसतोड मजुरांची टोळी फडात उतरली, मुकादमानं (टोळीच्या म्होरक्यानं) एकरी अमुक हजार खुशाली, म्हणजे मजुरीच्या वर बक्षिसी, मागितली, ट्रॅक्टरवाल्यानं खेपेमागं एन्ट्री, म्हणजे ड्रायव्हरचे वरचे पैसे, मागितले. मग पारावर 'लूट' हा शब्द ऐकू येतो. माझं मत वेगळं आहे, म्हणून धागा काढतोय.

आपल्या भागात श्रीमंती-गरिबी बघायला कुठं लांब जावं लागत नाही. बांधाच्या अलीकडं स्लॅबचं घर, दारात चारचाकी. पलीकडं गायरानात उसाच्या पाचटाची आणि ताडपत्रीची कोप, आत चूल, दोन गोधड्या, पाण्याचा एक कॅन. सहा महिने हे दोन संसार शंभर पावलांवर असतात, आणि त्यांच्यात बोलणं होतं ते फक्त खुशालीवरून.

आता मजुरीचा हिशेब. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चांगल्या उसात जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि मजूर संघटनांची बैठक होऊन ३४ टक्के वाढ मिळाली, त्यानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. पावणेदोन टन धरले तर जोडीला दिवसाला ६४० रुपये, म्हणजे माणशी ३२०. त्यात पहाटे चारला फडात जाणं, तोडणं, साळणं (पाचट काढणं), मोळ्या बांधणं आणि तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढणं, सगळं आलं. ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचं. १३० दिवस एकही खाडा न होता काम झालं तर जोडीचे ८३ हजार होतात. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) मात्र लाखाच्या घरात घेतलेली असते. हंगाम संपला तरी ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं यावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं: खुशाली द्यावी, पण उघड द्यावी. टनाला ठरावीक ५० रुपये, सगळ्या गावाचा एकच दर, आणि मुकादमाच्या हातात न देता जोडीच्या हातात. शिवाय फडात प्यायचं पाणी, अंधारात भरणी असेल तर उजेड आणि बायकांसाठी आडोसा शेतमालकानं करावा. चार बांबू, शेडनेट, तीन फुटांचा खड्डा आणि वरून टाकायला राख, हे सगळं दोन-अडीच हजारांत होतं आणि गुंडाळून पुढच्या फडात नेता येतं.

वीस_गुंठे :
दादा, मजुराचा हिशेब तुम्ही बरोबर मांडला. शेतकऱ्याचा मांडलाच नाही. स्लॅबचं घर आणि चारचाकी म्हणजे आपल्या भागातला सगळा ऊसवाला नव्हे. कारखान्याच्या नोंदीचं पुस्तक उघडून बघा, एकराच्या आतले किती सभासद आहेत ते.

२०२५-२६ ची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, टनाला ३५५० रुपये. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे. आपल्याकडं उतारा १२ धरला तर ४१५० च्या पुढं जाते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ८५० धरा, हातात ३३०० राहतात. वीस गुंठ्यांत २२ टन ऊस निघाला तर ७२,६०० रुपये. बेणं, मशागत, लागण, खताचे डोस, भांगलण, पाणीपट्टी यात ३५ ते ४० हजार जातात. उरलेले ३३ हजार सोळा महिन्यांच्या आडसाली पिकाला. महिन्याला दोन हजार पडले.

आता यातून टोळीला तीन हजार, दोन खेपांची एन्ट्री हजार, वर एक वेळचं जेवण. नफ्यातले बारा टक्के बांधावरच गेले. आणि तोडणीचे पैसे त्या ८५० मध्ये मी आधीच दिलेत, मुकादमाच्या वीस टक्के कमिशनसकट. एकाच कामाची मजुरी दोनदा का द्यायची? मजूर गरीब आहे हे मला मान्य. पण त्याची गरिबी भरून काढायची जबाबदारी वीस गुंठेवाल्यावर का?

तळावरची_ताई :
दोघांच्या हिशेबात एक माणूस सुटलंय. 'जोडीला ६४०' म्हणताना बाईचे ३२० तिच्या हातात कधीच येत नाहीत. उचल नवऱ्याच्या नावावर, वहीत अंगठा त्याचा, हिशेब मुकादमाशी त्याचा. तिचा दिवस मात्र तीनला चुलीपाशी सुरू होतो आणि ट्रेलर भरून झाल्यावरही संपत नाही.

पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्तही कापले जातात. त्याचा शेवट काय होतो ते बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, त्यातून जंतुसंसर्ग, आणि मग 'पिशवी काढली की कटकट गेली' हा सल्ला.

आडोशाबद्दल कृष्णाकाठ दादांना एक दुरुस्ती सांगते. ट्रॅक्टरची टोळी तुमच्या शेतात मुक्कामाला नसते. ती एका तळावर (कोपींच्या वस्तीत) दोन-तीन महिने राहते आणि एका फडात दीड-दोन दिवस असते. त्यामुळं फडात लागतं पाणी आणि आडोसा. पक्कं शौचालय, नळ, दिवा हे तळावर लागतं, आणि ते ग्रामपंचायत आणि कारखान्याचं काम आहे. वीस कोपींच्या तळाला दोन शौचालयं, न्हाणीसाठी दोन आडोसे आणि पाचशे लिटरच्या दोन टाक्या, इतकं तरी हवंच. टाक्या गायरानात ठेवून भागत नाही, रोज भरायला माणूस नेमावा लागतो. नाहीतर आठ दिवसांत त्या कोरड्या पडतात आणि बाया पुन्हा कॅनॉलवर जातात.

फडकरी_नोंद :
खुशाली आणि एन्ट्री ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती एकत्र करू नका. एन्ट्री ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला जाते, तिचा तोडणाऱ्याशी संबंध नाही. खुशाली मुकादम घेतो. दहा कोयत्यांच्या टोळीला तीन हजार आले तर जोडीला तीनशे यायला हवेत. किती येतात ते मुकादमावर असतं. काही टोळ्यांत ते पैसे बाजारहाटाला म्हणून मुकादमाकडंच राहतात आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात दिसतही नाहीत.

साखर आयुक्तालयाचं परिपत्रक आहे की तोडणीसाठी शेतकऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत, आणि तक्रार खरी ठरली तर रक्कम तोडणी-वाहतुकीच्या बिलातून वसूल करायची. कागदावर सरळ आहे. फडात काय होतं ते वेगळं. तक्रार कारखान्याच्या गट ऑफिसला लेखी द्यावी लागते, त्यात प्लॉटची नोंद, टोळीचा नंबर, वाहनाचा नंबर, तारीख आणि किती पैसे दिले ते लागतं. पैसे रोख दिलेले असतात, पुरावा नसतो. आणि तक्रार केली की पुढच्या वर्षी त्या शिवारात टोळी उशिरा येते. टोळ्यांच्या मुकादमांचं आपसात बोलणं असतं.

शेतकऱ्याची खरी अडचण वेळेची आहे. आडसालीचा ऊस पाळीपत्रकाप्रमाणं (कारखान्यानं लावलेल्या तोडणीच्या क्रमानं) तुटला तर ठीक. तुरा येऊन ऊस पोकळ पडला की वजन रोज घटतं. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर येऊन गेला असेल तर शेंडा कुजतो, कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, आणि माणूस टोळीसमोर हात जोडतो. खुशालीचा आकडा मजुराच्या गरिबीवर ठरत नाही, शेतकऱ्याच्या घाईवर ठरतो. नदीकाठचा वीस गुंठेवाला जास्त देतो आणि दहा एकरवाला कमी देतो, कारण त्याच्या एका शिवारात टोळीला आठवडाभर काम मिळतं आणि वाहन आत-बाहेर करायला लागत नाही.

वीस_गुंठे :
हेच म्हणत होतो. जास्त पैसे देतो तो गरीब शेतकरी. मग याला गरिबाला मदत कसं म्हणायचं?

आणि पैसे नाही दिले तर काय होतं तेही लिहा. बुडखा (उसाचा बुंधा) जमिनीलगत न तोडता तीन-चार इंच वर तोडतात. साखर सगळ्यात जास्त बुडख्यात. एकरी टनभर ऊस जमिनीत राहतो, आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून येणारं पुढचं पीक) वरच्या डोळ्यांतून फुटतो, त्याला मुळं धरत नाहीत. शेवटी कुदळीनं बुडखे छाटायला वेगळी मजुरी. शेंड्याकडं दोन कांड्या वाढ्यात (शेंड्याच्या हिरव्या चाऱ्यात) जातात, आणि ते वाढं पेंड्या बांधून तेच विकतात.

तळावरची_ताई :
वाढं विकतात ते खरं. आठवड्याच्या बाजाराचं मीठ-तेल त्याच्यावर निघतं, कारण मजुरी उचलीत वळती होते आणि हंगामभर हातात रोख येत नाही. दूधवाल्यांना डिसेंबरात हिरवा चारा स्वस्तात मिळतो तो याच वाढ्यामुळं. दोन कांड्या जास्त जाऊ नयेत म्हणून पहिल्या सरीला उभं राहून दाखवा, कुठून छाटायचं ते. बहुतेक टोळ्या ऐकतात.

मशीनवाला_भाऊ :
हा वाद हार्वेस्टरनं मिटतो. खुशाली नाही, कोपी नाहीत, मुलांची शाळा बुडत नाही. २०२३ मध्ये राज्यात ९०० मशीनना ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख अनुदान जाहीर झालं. मशीनची किंमत कोटीच्या घरात आहे, पण दिवसाला शंभर-दीडशे टन तोडते, आणि बुडखा जमिनीलगत कापते. माणसानं डोक्यावर मोळ्या वाहणं हेच मुळात थांबायला हवं.

फडकरी_नोंद :
थांबायला हवं हे मान्य. पण मशीनला सरी किमान साडेचार फूट लागते, आपल्याकडं जुनी लागण तीन-साडेतीनची. वळायला दोन्ही टोकांना जागा लागते. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात मशीन वळतं तेवढ्यात ऊस संपतो, म्हणून मशीनवाले सलग दोन-तीन एकर मागतात. पडलेल्या उसात पाचट जास्त येतं. पाचटापोटी वजनात साडेचार-पाच टक्के कपात होते, म्हणजे २२ टनांत एक टन गेला. काळ्या रानात ओल असेल तर चाकानं सरी दाबली जाते आणि खोडवा कमी फुटतो. आणि मशीनच्या तोडीत वाढं जनावराला मिळत नाही.

म्हणजे मशीन पहिलं मोठ्या शेतात जाणार. लहान तुकडे टोळ्यांच्या वाट्याला उरणार, आणि टोळ्या कमी झाल्या की तिथला खुशालीचा दर वाढणार. शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच महिन्यात, एकाच दिशेनं, पाच फुटी सरीवर लागण केली आणि मधले बांध वाहन जाईल असे ठेवले, तर लहान शेतकऱ्याला मशीन परवडतं. लागणीआधी बसून ठरवावं लागेल.

जतकडचा :
'बीडचे मजूर' असंच सगळे लिहितात. जत तालुक्यातल्या गावांतूनही दरवर्षी टोळ्या निघतात, विजापूरकडूनही येतात. जत आणि वाळवा एकाच जिल्ह्यात आहेत. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात आणलं, पण जिथं ते पोचत नाही तिथला माणूस आजही कोयता घेऊन वाळव्याला येतो. सांगली जिल्हा सधन म्हणताना नदीकाठ डोळ्यांसमोर असतो.

आणि मुलं. आई-बाप फडात, मोठी मुलगी कोपीवर लहान भावंड सांभाळते. संत भगवानबाबा वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे, त्यांच्या गावाकडच्या ठरावीक तालुक्यांत. ज्याचं नाव ऊसतोड कामगार म्हणून नोंदलेलंच नाही त्याच्या मुलाला प्रवेश मिळायला अडचण येते. ग्रामसेवकाकडून ओळखपत्र हंगामाला निघायच्या आधी, दसऱ्यापूर्वी करून घ्यायचं. तळावर आल्यावर तो कागद मिळत नाही. कारखाने टनाला १० रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी भरतात, तेवढीच रक्कम सरकारनं घालायची. तो पैसा नोंदणी असेल तरच या माणसापर्यंत येतो.

कृष्णाकाठ :
माझा प्रस्ताव थोडा बदलतो. वीस_गुंठे यांचं म्हणणं पटतं, लहान शेतकऱ्यावर सरसकट ५० रुपये टाकणं चुकीचं. एकराच्या आत ऊस असलेल्यांकडून काही घ्यायचं नाही, असं गावानं ठरवावं. वरच्यांनी टनाला ५० द्यावेत. पैसे फडातच, टोळीसमोर, कोयत्याप्रमाणं वाटून. बाईच्या हातात.

वीस_गुंठे :
बाईच्या हातात देण्याला माझी हरकत नाही. दराला आहे. आज ५० ठरले की पुढच्या वर्षी ते मजुरीचाच भाग होतात, आणि वर पुन्हा खुशाली सुरू होते. पूर्वी जेवण होतं, मग बकरं झालं, मग रोख आली. मजुरी कमी असेल तर ती करारात वाढवा, ती माझ्याच एफआरपीतून जाणार आहे, मी नाही म्हणत नाही. पण पावतीवर येऊ दे. काट्याच्या पावतीवर वजन छापतात, तशीच तोडणीची रक्कम आणि कोयत्यांची नावं छापा. मग मला कळेल माझे ८५० कुणाकुणाच्या हातात गेले.

पाणी आणि आडोसा मात्र मी करतो. यंदा दोनशे लिटरचा बॅरल तोटी बसवून, सावलीत, ट्रेलर लागतो त्या बाजूच्या बांधावर ठेवणार. सरीच्या मध्ये ठेवला तर कुणी तिथपर्यंत चालत येत नाही.

तळावरची_ताई :
बॅरल औषधाचा किंवा रसायनाचा नसावा, एवढं बघा. धुतला तरी वास राहतो. आणि आडोसा बॅरलपासून लांब, पाणी वाहून जाईल त्या उताराला करा. खड्डा विहिरीच्या बाजूला नको.