मलिद्यातलं 'एलियाहू हन्नाबी': मुलांना कोणती चाल शिकवू?

नवगावची_लेक
शालोम मंडळी. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी सात जण पियुत, म्हणजे आमची ज्यू भक्तिगीतं, शिकायला येतात. सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची, थोरले एकाहत्तरचे. शब्बाथला, म्हणजे आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, रेकॉर्डिंग लावता येत नाही, वहीत लिहिता येत नाही, म्हणून गुरुवार.

गेल्या महिन्यात भाचीच्या मेहंदीआधी मलिदा होता, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतो तो विधी. ताटात पोहे, खोबरं, खजूर, फळं मांडली आणि त्यांचं पियुत 'एलियाहू हन्नाबी' सुरू झालं. मुलांनी फोनवर ऐकलेली संथ चाल धरली, आम्ही मोठ्यांनी घरची. 'हातिश्बी'पर्यंत कसेबसे जुळलो, 'हगिलादी'ला फुटलो. माझे काका मध्येच थांबले ते शेवटपर्यंत गप्पच राहिले. ते अजून मनाला लागून आहे.

घरची चाल एकाच कॅसेटवर आहे, 1988 ची. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या टाप्यावर (त्यांच्या रथाची खूण मानतात त्या खडकावर) नवस फेडायला गेलो होतो, तेव्हाची. कावळे ऐकू येतात, बायकांच्या बांगड्या ऐकू येतात. वडील 'हन्नाबी'तल्या 'न्ना'वर जोर देतात आणि 'गिलादी'ची 'दी' ओढून थेट पुढच्या कडव्यात नेतात. मला ते अजून एका दमात जमत नाही.

मुलांना कोणती चाल शिकवू? आणि देवनागरीत लिहून देताना हिब्रूतली 'हेत' (घशातला ह) आणि 'हे' (साधा ह) ही दोन्ही अक्षरं 'ह'च होतात, त्याचं काय करता?

अश्दोदची_मावशी
बाळा, वडिलांचीच शिकव. फोनवरची चाल कुठे पळून जात नाही, ती जगभर आहे. आम्ही 1969 साली इथे इस्राएलला आलो तेव्हा शाळेत मुलं 'हनावी' म्हणायची आणि मी 'हन्नाबी' म्हटलं की हसायची. मी लाजून बदललं. आता नातवाला मुद्दाम 'हन्नाबी' शिकवते.

पण 'ह'च्या बाबतीत कडक राहा. हे-ने 'हिलेल' म्हटलं तर स्तुती केली, हेत-ने म्हटलं तर विटाळलं. आमच्या आईच्या वहीत हेतसाठी 'ह'खाली टिंब असायचं. तेवढं पुरतं.

टाळकरी_चिपळूण
मी तुमच्या समाजाचा नाही, भजनी मंडळात चाळीस वर्षं आहे. एक विचारतो. ती 'दी' पुढच्या कडव्यात जाते म्हणता, तर वडील एकटेच गात होते का? आमच्याकडे बुवा कडवं म्हणतो आणि धृपद झीलकरी उचलतात. बुवाला दम घ्यायला जागा तिथे मिळते. कॅसेट पुन्हा ऐका. 'दी' ओढणारे दुसरेच कोणी असतील.

रास्ता_पेठ
चाल बदलली म्हणून पियुत बाटत नाही, एवढं मुलांना जरूर सांगा. 'या रिबोन' हे पियुत लिहिणारे इस्राएल नजारा 16व्या शतकातले. तुर्की आणि अरबी गाण्यांच्या चालींवर त्यांनी हिब्रू शब्द बसवले. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पियुत संकेतस्थळावर एकाच पियुताच्या मोरोक्को, इराक, येमेन अशा वेगवेगळ्या चाली आहेत. बेने इस्राएलांनाही 19व्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी बरंच शिकवलं, म्हणजे 'घरच्या' चालीतही पाहुणे असणारच. तरी मावशींशी सहमत. आधी घरची पक्की होऊ द्या.

पाठांतराला एक सोपी खूण: 'या रिबोन'च्या पाच कडव्यांची पहिली हिब्रू अक्षरं जोडली की 'यिस्राएल' होतं, म्हणजे कवीचं नाव. माझ्या मुलीला कडव्यांचा क्रम त्यानेच पाठ झाला.

नवगावची_लेक
सगळ्यांचे आभार. टाळकरी काका, तुमचं वाचून रात्री हेडफोन लावून कॅसेट पाच वेळा ऐकली. 'दी' वडील ओढतच नाहीत! ते तिथे थांबतात. त्यांच्या मागे एक किंचित पातळ, वरचा आवाज आहे, तो ती 'दी' धरून ठेवतो आणि वडील नव्या दमाने पुढचं कडवं सुरू करतात. इतकी वर्षं मी दोन माणसांचं गाणं एकटीने गायला बघत होते.

तो दुसरा आवाज काकांचा. मलिद्याच्या दिवशी त्यांनी 'दी' धरली असणार आणि कडवं उचलायला कोणीच नव्हतं.

सकाळी फोन केला. पलीकडून आधी काहीच बोलले नाहीत, मग फोनवरच 'हगिलादी' म्हणून दाखवलं. गुरुवारी येतायत. मुलं कडवी म्हणतील, झील काका धरतील. कागद मी टिंबांसकट लिहून ठेवलाय. अक्षरं मोठी काढ, एवढंच म्हणाले.