हुकूम पाळणारा माणूस दुष्ट असतो का?

डिचोलीकर:
१९६१ चा डिसेंबर घ्या. १५ तारखेला जेरुसलेममध्ये आइकमनला फाशी सुनावली, लाखो ज्यूंना गाड्यांत भरून मरणछावण्यांत पाठवणारा नाझी अधिकारी, आणि बचाव काय तर मी फक्त हुकूम पाळला. तत्त्वज्ञ हाना आरेंट त्या खटल्याला हजर होती, तिला तो राक्षस वाटलाच नाही, विचार करणंच सोडून दिलेला सरकारी माणूस वाटला. चारच दिवसांनी इथे गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा भारतीय सैन्याला शरण आला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याने बजावलेलं की मरेपर्यंत लढा, शरण जायचं नाही. याने नाही ऐकलं, म्हणून पुढे सैन्यातून काढलं त्याला. माझं मत एवढंच की दुष्टपणा रक्तात नसतो, "वरून ऑर्डर आहे" म्हणून डोकं बंद केलं की सुरू होतो.

सांगेकार:
अजिबात पटलं नाही. आइकमन अर्जेंटिनात लपलेला तेव्हाच्या त्याच्या मुलाखतींच्या टेप आहेत, त्यात पश्चात्ताप सोडाच, सगळे ज्यू मारता आले नाहीत याची खंत आहे. कोर्टातला गरीब नोकरदार हे सोंग होतं आणि आरेंट त्याला फसली. आणि वासालोचं कौतुक कशाला, १९५८ पासून इथला कारभार त्याच्याच हातात, तेव्हा आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगात आपली माणसं कैदेत नव्हती? माझ्या आजोबांना कोठडीत भोकं पाडलेल्या लाकडी थापीने तळहातांवर मारलेलं, म्हातारपणीसुद्धा त्यांना भाताचा घास नीट धरता यायचा नाही. मारणारा मध्ये थांबून घाम पुसायचा आणि हसत परत सुरू करायचा, असं ते सांगायचे. हसायची ऑर्डर कोणी दिलेली त्याला?

डिचोलीकर:
आजोबांना नमस्कार. हसणारे असतात, मान्य. पण त्या कोठडीचं कुलूप उघडणारा, रजिस्टरात नाव लिहिणारा, ओरडणं ऐकून घरी जाऊन जेवणारा, हे नसते तर तो एकटा काय करणार होता? मला भीती यांचीच जास्त वाटते, कारण हे सगळीकडे असतात.

मडगावची लेक:
दोघेही पोर्तुगीजांवरच बोलताय, आपल्या बाजूच्या हिंसेचं काय? गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या मोहन रानडेंनी १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, गोळी लागून पकडले गेले, १९६९ ला सुटले. त्यांना दुष्ट म्हणणार का? मी तरी नाही. स्वतः ठरवून गेले आणि किंमत स्वतः भरली.

सांगेकार:
बाय, किंमत भरली म्हणून कृत्य बरोबर ठरत नाही, अंगाला बॉम्ब बांधून बाजारात शिरणारापण जिवानिशी किंमत भरतोच की. समोर कोण होतं ते बघ. रानडेंच्या समोर बंदूकवाले पोलीस होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला जे सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले त्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती, तरी गोळ्या घातल्या. या दोन बंदुका मी एका मापाने मोजणार नाही.