‘आततायी’, ‘आगाऊ’ की आणखी काही? पत्त्यांतल्या एका चुकीला नाव हवंय

चिंचोक्यांचा_डाव

नमस्कार मंडळी. अडलंय एका शब्दाशी, पण आधी थोडं पाल्हाळ.

मी लीड्सला असतो. पोरं झोपली की रात्री तासभर ऑनलाइन पोकर खेळतो, एक-दोन पेनीच्या टेबलावर. सगळं गेलं तरी दोन पौंड. लहानपणी चिंचोके लावून खेळायचो, त्यातलाच प्रकार. चुका वहीत लिहून ठेवतो. आधी इंग्रजीत लिहायचो, ‘ओव्हर-अ‍ॅग्रेसिव्ह’. वाचताना ती शाबासकीच वाटायची. म्हणून वही मराठीत सुरू केली आणि रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘आततायीपणा’.

सध्या सासरे आलेत. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. वही त्यांच्या हाती लागली. पत्त्यांबद्दल चकार शब्द नाही, फक्त एवढंच: “जावईबापू, आततायी म्हणजे घर पेटवणारा, विष घालणारा. तुम्ही कुणाचं काय जाळलंत?”

तर मी जे करतो त्याला काय म्हणावं? मासला देतो. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचीच पंजी. समोरच्याने ६ पेनी लावले, मी १८ केले, तो आला, म्हणजे त्यानेही तेवढेच भरले. जमिनीवर, म्हणजे दोघांच्या सामाईक उघड्या पानांत, बदामचा राजा, किलवरची नश्शी, चौकटची चौकी. माझ्या हाती शून्य. २० लावले, आला. पुढचं पान बदामची दुर्री. आता तिर्री आली तर माझी रांग लागणार. ५० लावले, आला. शेवटचं पान किलवरचा गुलाम, म्हणजे पुन्हा शून्य. उरलेले ११२ ढकलले. तो क्षणात आला आणि नश्शीची जोडी दाखवली. हा गृहस्थ त्याच संध्याकाळी चार वेळा असाच शेवटपर्यंत चिकटून राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला होता!

ह्याला एक मराठी शब्द द्या.

जुनी_पोथी

सासऱ्यांना साष्टांग. ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. धनुष्य ताणून अंगावर आलेला, तो आततायी. स्मृतीत सहा सांगितलेत: अग्निदो गरदश्चैव शस्त्रपाणिर्धनापहः, क्षेत्रदारहरश्चैव षडेते ह्याततायिनः. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन, जमीन आणि बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो ते ह्याच अर्थाने. उतावळ्या माणसाला आततायी म्हणणं ही वर्तमानपत्रांची देणगी.

गावठी_एक्का

वर्तमानपत्रांची कशाला? आमच्या आजीने जन्मात वर्तमानपत्र वाचलं नाही. शेजारच्या बांधावरून भाऊ कुऱ्हाड घेऊन निघाला की म्हणायची, “आततायीपणा करू नको, रात्र जाऊ दे.” शब्द आजीचा आहे.

आणि मूळ अर्थच धरायचा तर ‘साहस’ही टाका. धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरी गुन्हा, मारहाण, लूट. उद्यापासून ‘साहसी पर्यटन’ म्हणाल तर पोलिसात द्यावं लागेल.

जुनी_पोथी

साहसाचा अर्थ बदलून शतकं लोटली. तुलना गैरलागू.

गावठी_एक्का

म्हणजे शतकं लोटली की चालतं. किती शतकं, तेवढं सांगा, आम्ही थांबतो.

तीनशेचार

भांडा तुम्ही. मला ‘आगाऊ’ सुचतो. आमच्याकडे मे महिन्यात ओटीवर तीनशेचारचा फड पडायचा. नवख्यांसाठी: गुलाम ३०, नश्शी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. बोली लावायची असते. मी नुसता गुलाम दिसला की बोली चढवायचो. आजोबा पानं खाली ठेवत आणि म्हणत, “आगाऊपणा झाला. अजून निम्मी पानं वाटायचीयत.”

त्यात गंमत अशी की आगाऊ म्हणजे उद्धट, आणि आगाऊ म्हणजे वेळेआधी दिलेलंसुद्धा. आगाऊ रक्कम. पान यायच्या आधीच पैसे भरायचे! तुमच्या डावाला दोन्ही अर्थ लागतात.

वाचनवेडी

तीनशेचार, ओटीवर मधल्या सुट्टीत आंब्याच्या साठाचे तुकडे मिळायचे का हो? आमच्याकडे हरणाऱ्या जोडीला ते नाहीत, असा नियम होता.

हूल_देतो

मी स्वतः खेळत होतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. आगाऊ नाही आणि आततायी तर नाहीच. पोकरमध्ये आक्रमक असणं हा दोषच नाही. स्वतः पैसे लावणं, वाढवणं म्हणजे आक्रमक; दुसऱ्याने लावलेले नुसते भरत राहणं म्हणजे मवाळ. चांगले खेळाडू पानं निवडून घेतात आणि घेतली की रेटून खेळतात. रेटा चांगला असतो. कारण लावणारा दोन रस्त्यांनी जिंकतो, समोरचा पानं टाकतो म्हणून किंवा आपलं पान मोठं निघतं म्हणून. भरणाऱ्याला दुसरा रस्ता तेवढा उरतो.

शेवटच्या ११२ पेनींचा हिशेब करा. मध्ये १७९ होते: दोघांचे ८८-८८ आणि डावाआधी सक्तीने भरलेले एक-दोन मिळून ३. १७९ मिळवायला ११२ लावले, म्हणजे १०० पैकी साधारण ३९ वेळा समोरच्याने पानं टाकायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी. हा गृहस्थ १०० पैकी ५ वेळा तरी टाकतो का? चूक जोरात लावण्याची नाही. न सोडणाऱ्याला हूल दिली, ही चूक आहे. कबड्डीत हूल द्यायची तर समोरचा हलला पाहिजे ना? इथे समोर घोरपड आहे.

असल्या माणसाला आम्ही पुण्याच्या टेबलावर घोरपडच म्हणायचो. कडा कोसळेल, घोरपड सुटणार नाही. तिच्याविरुद्ध एकच औषध: चांगलं पान आलं की भरपूर लावा, नसेल तर गप्प बसा. कंटाळवाणं आहे, पण पेनीच्या टेबलावर पैसा तिथेच आहे.

चिंचोक्यांचा_डाव

घोरपड घेतली! वहीत नोंद केली. पण मग रकान्याला नाव काय? ‘घोरपडीला हूल’?

गावठी_एक्का

‘खोटं बोल पण रेटून बोल’ ही म्हण ह्या खेळाची घटनाच आहे. तुम्ही रेटून बोललात, ऐकणारा बहिरा होता.

जर्मनीकर

पोकरच्या मुळाशी जर्मन ‘पोखेन’ असावा असं पुष्कळ जण मानतात. पोखेन म्हणजे ठोठावणे. आणि आपली ‘थाप’ बघा: दारावरची थाप, पाठीवरची थाप आणि मारलेली थाप. ठोठावणं आणि खोटं बोलणं दोन्हीकडे एकाच घरात नांदतंय. योगायोगच असेल, पण मला रात्री झोप नाही लागली.

जुनी_पोथी

योगायोगच आहे. झोपा.

ऑरेंज_सिटी

ते सगळं ठीक, पण नश्शी-दश्शी काय लावलंय? आमच्या नागपूरकडे दहेला म्हणतात. आणि मेंढीकोटात दहेल्याला मेंढी.

तीनशेचार

मेंढी आमच्याकडेही मेंढीच. पण दश्शीला दहेला म्हटलं असतं तर आजोबांनी ओटीवरून खाली उतरवलं असतं.

ऑरेंज_सिटी

म्हणून तर तुमच्या ओटीवर कोणी येत नव्हतं ना बाप्पा.

वाचनवेडी

किलवर कुठून आलं पण? क्लबशी काहीच संबंध दिसत नाही.

जर्मनीकर

डच. डचमध्ये त्या रंगाला ‘क्लावर’ म्हणतात, तीन पानांचं गवत. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. आणखी काय पुरावा हवा?

पणजीहून

आणखी पुष्कळ हवा. डच इस्पिकला ‘स्खोपन’ म्हणतात, त्यातून इस्पिक कसं निघणार? आमच्या पोर्तुगिजात ते ‘इश्पादश’. कानाला जवळ तेच येतं. पण मग किलवरला पोर्तुगीज ‘पाउश’ म्हणतात, तिथे माझंच घोडं अडतं. म्हणजे एक रंग डचांनी दिला आणि एक पोर्तुगिजांनी?

जर्मनीकर

फ्रेंचांना विसरलात. त्यांचं इस्पिक म्हणजे ‘पीक’. माहीच्या त्यांच्या वसाहतीवरून आलं असेल.

गावठी_एक्का

घ्या. आता बदामसुद्धा इराणातून आला म्हणा आणि जागतिक परिषद भरवा.

सात्त्विक_संताप

एवढा वेळ वाचतोय. कुणालाच काही वाटत नाही? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’. फाशांनी खेळू नकोस, शेती कर. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तो उगाच नाही. आणि इथे त्यावर शब्दकोश रचताय.

हूल_देतो

म्हणून तर मी ‘खेळत होतो’ असं लिहिलंय. आमचं टेबल तेव्हाच उठलं. शब्द तेवढे शिल्लक राहिलेत, ते तरी ठेवू द्या. शिवाय ते सूक्त रचणाऱ्याला जुगार आतून माहीत होता, नुसत्या उपदेशकाला ते जमत नाही.

वाचनवेडी

आणि ‘पणाला लावणे’ हा वाक्प्रचार तुम्ही परवा निवडणुकीच्या धाग्यात तीनदा वापरलाय, सात्त्विकराव. पण म्हणजे द्यूतातली पैजच की.

माळावरची_मावशी

मला पत्ते झब्बूपलीकडे येत नाहीत. पण त्या मुलाचा प्रश्न सगळेच विसरलात. मला वाटतं तो एक शब्द मागतोय तिथेच चुकतंय. घोरपडीला हूल दिली, ती गाफिली. ओटीवर निम्म्या पानांवर बोली चढवली, तो आगाऊपणा. आणि मला विचारायचंय की ते ११२ गेल्यावर पुढच्या डावात काय केलंस रे?

चिंचोक्यांचा_डाव

मावशी, नस पकडलीत. पुढचा डाव त्याच माणसाशी. पंजी आणि छक्की होती. त्याने ६ लावले, मी अख्खे २०० ढकलले. पानं धड बघितलीही नव्हती. तो आला, राण्यांची जोडी होती.

माळावरची_मावशी

मग ते इरेला पेटणं. त्याला कुठला नवा शब्द नको. एका रकान्यात तिन्ही कोंबलंस तर वर्षभर एकच चूक करतोयस असं वाटेल आणि एकही सुटणार नाही.

जुनी_पोथी

‘ईर’ हा ‘ईर्ष्ये’चा अपभ्रंश. शुद्ध लिहायचं तर ‘ईर्ष्येस पेटणे’.

गावठी_एक्का

ईर्ष्येस पेटल्यावर माणूस आधी शुद्धलेखन तपासतो का?

हूल_देतो

मावशींशी सहमत, फक्त गाफिली पटत नाही. गाफील माणसाने पाहिलेलं नसतं, ह्याने तर चार वेळा पाहिलं होतं. बघूनही लावले. त्याला काय म्हणायचं?

ऑरेंज_सिटी

माज.

तीनशेचार

माज जिंकणाऱ्याला येतो. हा तर हरतोय.

ऑरेंज_सिटी

दोन पौंडांत काय येत नाही, सांगा.

चिंचोक्यांचा_डाव

मंडळी, इकडची बातमी. वहीत तीन रकाने आखले: ‘घोरपड’, ‘आगाऊ’, ‘ईर’. पहिल्या आठवड्यात ४, ६ आणि ११. म्हणजे ज्याला मी वर्षभर ‘ओव्हर-अ‍ॅग्रेसिव्ह’ म्हणून मिरवत होतो त्यातलं अर्धंअधिक नुसतं चिडणं निघालं. सासऱ्यांनी आज सकाळी वही पुन्हा पाहिली. ‘ईर’वर लाल पेनाने ‘ष्या’ जोडलंय. आणि घोरपड म्हणजे काय ते विचारतायत. काय सांगू?

जुनी_पोथी

मूळ संस्कृतात ‘गोधा’ म्हणावं.

पणजीहून

कुणाला चौकटचं पोर्तुगीज माहीत आहे का? ‘ओरुश’, म्हणजे सोनं. मग आपण चौकट का म्हणतो?