विंडोज ११ : सुरू करताच थेट डेस्कटॉप हवा, पण नेटप्लविझमधली चौकटच दिसत नाही

खिडकीवाला :
घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११ होम, लॉगिन मायक्रोसॉफ्ट खात्याने. टीव्हीला जोडलेला असल्यामुळे बहुतेक वेळा कीबोर्ड हाताशी नसतो, म्हणून मशीन सुरू केल्यावर पिन किंवा पासवर्ड न विचारता डेस्कटॉप यायला हवा. सगळीकडे सांगतात तसं रन खिडकीत नेटप्लविझ (खाती आणि लॉगिनची विंडोजमधली खिडकी) दिलं, पण 'युजर्स मस्ट एंटर अ युजर नेम अँड पासवर्ड' ही टिक करायची चौकट तिथे नाहीच, नुसती खात्यांची यादी येते. दुसरं, मशीन स्लीपमधून उठल्यावरही पिन मागतं, ते याच सेटिंगने बंद होतं का? आणि असं करण्यात धोका नेमका किती?
याशिवाय एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. तिथे ऑटोमॅटिक लॉगिन चालू केलंय, पण क्रोम उघडला की कसल्या तरी 'कीरिंग'चा पासवर्ड मागतो. तोही घालवायचा आहे.

कळफलक :
चौकट हरवलेली नाही, लपवलेली आहे. विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीपासून (मे २०२०चं अपडेट) 'फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) साइन-इन' ही सोय चालू असेल तर नेटप्लविझ ती चौकट दाखवत नाही. आधी ती सोय बंद करा.

सेटिंग्ज > अकाउंट्स > साइन-इन ऑप्शन्स. खाली 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये पहिलाच स्विच 'फॉर इम्प्रूव्ह्ड सिक्युरिटी, ओन्ली अलाव विंडोज हॅलो साइन-इन...' असा आहे. तो बंद करा. तुमचा पिन याने जात नाही, फक्त पासवर्डचा रस्ता पुन्हा खुला होतो. सेटिंग्जची खिडकी बंद करा, नेटप्लविझ उघडं असेल तर तेही बंद करून पुन्हा उघडा.

आता एक पायरी, जी बहुतेक जण गाळतात. मशीन लॉक करा (विंडोज + एल) आणि 'साइन-इन ऑप्शन्स'मधून किल्लीचं चिन्ह निवडून एकदा पिनऐवजी खात्याचा पूर्ण पासवर्ड टाकून आत या, इंटरनेट चालू ठेवून. वर्षानुवर्षं पिन वापरणाऱ्याच्या मशीनवर नवा पासवर्ड कधी पोहोचलेलाच नसतो. पासवर्ड आठवतोय का, याचीही इथेच परीक्षा होते.

मग विंडोज + आर, नेटप्लविझ (अक्षरं : एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड). यादीत ज्या खात्याने आपोआप लॉगिन व्हायला हवं त्यावर आधी क्लिक करा, मग चौकटीतली टिक काढा आणि 'अप्लाय' दाबा. लगेच छोटी खिडकी येईल, तिच्यात पासवर्ड दोनदा टाकायचा. इथे पिन टाकलात तरी ती निमूटपणे स्वीकारते, कारण पासवर्ड बरोबर आहे का हे ती तपासतच नाही. चूक कळते ती रीस्टार्टनंतर.

स्विच बंद करूनही चौकट आली नाही तर रजिस्ट्री एडिटरमध्ये (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) एचकेईवाय लोकल मशीन > सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > विंडोज एनटी > करंट व्हर्जन > पासवर्डलेस > डिव्हाइस इथे जा. उजवीकडे 'डिव्हाइस पासवर्डलेस बिल्ड व्हर्जन'ची किंमत २ असेल, ती ० करा. रजिस्ट्रीत ही नावं मधे जागा न सोडता जोडून लिहिलेली असतात, अपवाद 'विंडोज एनटी'चा.

स्लीपचा याच्याशी संबंध नाही. ते कुलूप वेगळं. त्याच साइन-इन ऑप्शन्सच्या पानावर 'इफ यू हॅव बीन अवे...' असा प्रश्न आहे, त्याचं उत्तर 'नेव्हर' करा. स्क्रीनसेव्हर लावला असेल तर त्याच्या खिडकीतली 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' ही टिकही काढावी लागेल.

अर्धविराम :
धोक्याबद्दल. आपोआप लॉगिन म्हणजे पासवर्ड नसणं नव्हे. पासवर्ड असतोच, तो विंडोज तुमच्या वतीने टाकतं. त्यासाठी तो मशीनवर कुठेतरी जपून ठेवावा लागतो, आणि कुठे ठेवला जातो यावर बरंच अवलंबून आहे.

रजिस्ट्रीतल्या विनलॉगऑन या कप्प्यामध्ये (की) 'ऑटो ॲडमिन लॉगऑन'ला १ आणि 'डिफॉल्ट पासवर्ड'मध्ये आपला पासवर्ड लिहा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळेल. तो घेऊ नका. त्या जागी पासवर्ड साध्या अक्षरांत पडून राहतो आणि त्याच मशीनवरचं दुसरं खातंही तो वाचू शकतं. नेटप्लविझ किंवा मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोलॉगऑन हे साधन तो एलएसए सीक्रेट म्हणून (विंडोजच्या राखीव, संरक्षित जागेत) कूटबद्ध करून ठेवतं. तिथेही ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेला माणूस किंवा प्रोग्रॅम तो काढू शकतो, पण निदान तो उघड्यावर नसतो.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्खी डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिस्कची किल्ली टीपीएम चिप मशीन सुरू होतानाच देते, त्यामुळे डिस्क काढून दुसरीकडे लावणाऱ्याला काही मिळत नाही, पण अख्खं मशीन उचलून नेणाऱ्याने नुसतं बटण दाबलं की तुमचा डेस्कटॉप, ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड आणि उघडं ईमेल त्याच्यासमोर. लॅपटॉपवर म्हणूनच हे करूच नये. तिथे बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याने लॉगिन तितकंच झटपट होतं.

टीव्हीच्या मशीनसाठी माझा सल्ला : एक वेगळं स्थानिक खातं काढा, प्रकार 'स्टँडर्ड यूजर', आणि आपोआप लॉगिन त्यालाच द्या. गाणी, सिनेमे, ब्राउझर एवढ्याला ते पुरतं. तुमचं ईमेल आणि बँकेचं काम ज्या खात्यात आहे ते पासवर्डमागेच राहील. काही इन्स्टॉल करायचं झालं तर विंडोज ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पिन किंवा पासवर्ड मागेल, तेही बरंच. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला की सगळं बिघडतं, ती कटकटही स्थानिक खात्याला नसते.

टर्मिनलवाला :
उबुंटूचं. कीरिंग म्हणजे तुमचे जतन केलेले पासवर्ड ठेवायची कूटबद्ध पेटी. नेहमीच्या लॉगिनला तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा त्याच पासवर्डाने ही पेटीही गुपचूप उघडली जाते. आपोआप लॉगिनमध्ये कोणी पासवर्ड टाकलेलाच नसतो, तर पेटी कशाने उघडणार? म्हणून पहिला जो प्रोग्रॅम तिच्याकडे जातो (बहुधा क्रोम), त्याच्या वेळी विचारणा होते. हा बिघाड नाही.

घालवायचंच असेल तर 'पासवर्ड्स अँड कीज' हा प्रोग्रॅम उघडा (पॅकेजचं नाव सीहॉर्स). डावीकडे 'लॉगिन' या कीरिंगवर उजवं क्लिक, 'चेंज पासवर्ड'. आधी जुना पासवर्ड टाका, नव्याच्या दोन्ही जागा रिकाम्या सोडा. पासवर्ड कूटबद्ध न होता साठवले जातील असा इशारा येईल, 'कंटिन्यू' म्हणा. इशारा खरा आहे, नंतर तो लॅपटॉप कोणाच्या हाती लागला तर ती फाइल थेट वाचता येते. कीरिंगची फाइलच उडवून टाका, असा उपाय काही जण सुचवतात. त्याने विचारणा थांबत नाही आणि आत साठवलेलं सगळं जातं ते वेगळंच.

लॉगिननंतर वाय-फाय जोडलं जात नसेल तर कारण हेच. वाय-फायचा पासवर्ड फक्त तुमच्या खात्यापुरता कीरिंगमध्ये असतो. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मेक अव्हेलेबल टू अदर यूजर्स'ला टिक केली की तो सिस्टिमकडे जातो आणि कीरिंगची वाट पाहावी लागत नाही.

त्यापेक्षा चांगली रचना म्हणजे उबुंटू इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन घ्यायचं (एलयूकेएस) आणि त्यावर आपोआप लॉगिन ठेवायचं. सुरुवातीला डिस्कचा पासवर्ड एकदाच टाकावा लागतो, पुढे थेट डेस्कटॉप. बंद मशीन चोरीला गेलं तरी आतलं सुरक्षित, आणि मग रिकाम्या पासवर्डाची कीरिंगही फारशी खटकत नाही. त्यासाठी इन्स्टॉल नव्याने करावं लागेल, एवढंच.

मिंट (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी : 'लॉगिन विंडो' नावाच्या सेटिंगमध्ये 'यूजर्स' या भागात खात्याचं नाव लिहायचं. तिथेही कीरिंगची विचारणा येते, इलाज तोच.

खिडकीवाला :
चौकट आली, धन्यवाद. टिक काढून पासवर्ड दिला. आता रीस्टार्ट केल्यावर 'द युजर नेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' असा संदेश, ओके दाबलं की नेहमीचा लॉगिनचा पडदा. पासवर्ड बरोबरच आहे, पिन टाकलेला नाही.

कळफलक :
मग नावाकडे बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याला मशीनवर दोन नावं असतात, एक ईमेल पत्ता आणि दुसरं विंडोजने स्वतः ठेवलेलं छोटं नाव, बहुधा पत्त्याची पहिली पाच अक्षरं. कमांड प्रॉम्प्टमध्ये हू-ॲम-आय (डब्ल्यू, एच, ओ, ए, एम, आय, सगळं जोडून) लिहून एंटर दाबा. उत्तरात तिरक्या रेघेआधी मशीनचं नाव आणि नंतर तुमचं छोटं नाव दिसेल. नेटप्लविझमध्ये टिक पुन्हा करून 'अप्लाय', मग टिक काढून 'अप्लाय', आणि येणाऱ्या खिडकीत तेच छोटं नाव आहे ना ते पाहा. असूनही अडलं तर त्या जागी पूर्ण ईमेल पत्ता टाकून पाहा.

एक शक्यता आणखी. मे २०२५पासून नवी मायक्रोसॉफ्ट खाती मुळातच पासवर्डविना निघतात, आणि जुन्या खात्यांचाही पासवर्ड काढून टाकता येतो. तसं असेल तर विंडोजने टाकायला पासवर्डच नाही. अशा वेळी अर्धविराम म्हणतात तसं स्थानिक खातं हाच मार्ग.

खिडकीवाला :
नाव चुकलेलं होतं, आता चालतंय. तरी टीव्हीसाठी वेगळं स्थानिक खातं काढतोच. त्याला पासवर्डच दिला नाही तर ही सगळी उठाठेव वाचेल ना?

अर्धविराम :
मशीनवर ते एकमेव खातं असतं तर वाचली असती, विंडोज न विचारता आत जातं. दोन खाती झाली की सुरुवातीला कोण ते विचारणा येतेच. शिवाय कोऱ्या पासवर्डाचं खातं विंडोज फक्त मशीनसमोर बसलेल्यालाच वापरू देतं. त्या खात्याच्या नावाने दुसऱ्या मशीनवरून शेअर केलेलं फोल्डर उघडायला गेलात तर नकार येईल. टीव्हीच्या मशीनवरचे सिनेमे घरभर पाहायचे असतील तर तिथेच अडेल. एखादा साधा पासवर्ड द्या आणि नेटप्लविझमध्ये तो भरा.

तुमच्या स्वतःच्या खात्यात जायचं असेल तर डेस्कटॉप आल्यावर 'साइन आउट' करा. आपोआप लॉगिन मशीन सुरू होतानाच चालतं, साइन आउटनंतर नेहमीचा पडदा येतो. सुरू होतानाच थांबवायचं असेल तर शिफ्ट दाबून धरायची.

रिकामी_खिडकी :
मॅकवाल्यांसाठी दोन ओळी. सिस्टिम सेटिंग्ज > यूजर्स अँड ग्रुप्स > 'ऑटोमॅटिकली लॉग इन ॲज'. हा पर्याय फिका दिसत असेल तर फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे. फाइलव्हॉल्टमध्ये सुरुवातीचा पासवर्ड डिस्कही उघडतो आणि लॉगिनही करतो, त्यामुळे ते बंद करून हे चालू करणं हा सौदा लॅपटॉपसाठी तरी वाईट.

कळफलक :
राहिलेलं एक. मशीन दुरुस्तीला देताना किंवा कोणाला वापरायला देताना नेटप्लविझमधली टिक आधी परत करा आणि 'अप्लाय' दाबा. ऑटोलॉगऑन साधन वापरलं असेल तर त्यातलं 'डिसेबल' बटण दाबा. स्लीपचं 'नेव्हर' वेगळं बदलावं लागतं, ते यासोबत जात नाही.