धसकटं उंच ठेवू नका
दोन दिवसांत भातकापणी आटपायची तर धसकटं (कापल्यावर शेतात उरणारे खोडांचे बुडखे) वीतभर राहिली म्हणून काय बिघडलं, असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. चार हात असले की आमची दहा-बारा गुंठ्यांची खाचरं शनिवार-रविवारात होतात, तेवढं खरं. पण भाताचं खोड आतून पोखरणाऱ्या खोडकिड्याची अळी त्या धसकटातच दडून बसते. एखादं उभं चिरून बघा, आत पिवळट अळी नि भुसा सापडेल. म्हणून कापणी जमिनीलगतच करायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा त्यासाठी बरा पडतो, वर पेंढाही जास्त मिळतो (गोठ्यात गुरं उरली असतील तर!). नांगरट झाली की उरलेली धसकटं वेचून नष्ट करा. हे काम मात्र पुढच्या शनिवारवर ढकललं तरी चालतं.